टोकियोत व्यसनमुक्तीचा गट सुरू करायचाय? आधी दानशुकाईत जाऊन बसा

ताई, तुम्ही पुण्याच्या केंद्रात व्यसन सोडण्याच्या बारा पायऱ्यांचे गट घेता, यजमानांच्या बदलीमुळे टोकियोला येताय आणि तोच कार्यक्रम जपानी लोकांसाठी सुरू करावा म्हणता. जरूर करा, पण जसाच्या तसा आणू नका. इथल्या लोकांनी तो केव्हाच आपल्या पद्धतीने घडवून घेतलाय.

दारू सोडणाऱ्यांची त्यांची देशव्यापी संघटना १९६३ सालची. तिच्या गटांना दानशुकाई म्हणतात. प्रेरणा बारा पायऱ्या मांडणाऱ्या अमेरिकी संघटनेची, म्हणजे 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चीच, पण इथे नाव लपवत नाहीत, ईश्वराचा आधार घेत नाहीत आणि घरच्यांना शेजारी बसवतात. माणूस उभा राहून नाव सांगतो, आपली हकीकत सांगतो. मग त्याची बायको त्या वर्षांत काय सोसलं ते सांगते आणि तो मान खाली घालून ऐकतो. त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही, सल्लाही देत नाही. लगेच पुढचा बोलू लागतो. आपल्या सवयीने 'मग तुला काय वाटलं?' असं विचारू नका. आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास नको, ही इथली मोठी धास्ती. समोरच्याने काहीच करायचं नसतं, म्हणूनच तोंड उघडतं असं मला वाटतं.

मानसिक आजारांवर काम करायचं असेल तर होक्काइदोतल्या उराकावा गावचं 'बेतेल हाऊस' बघाच. १९८४ पासून तिथे आजारी माणसं एकत्र राहतात, काम करतात. २००१ पासून 'तोजिशा केंक्यू' चालतं: आपल्या त्रासाला स्वतःच नाव द्यायचं, तो कधी, कसा येतो ते फळ्यावर मांडायचं आणि मित्रांसोबत अभ्यासायचा. 'मी कसा आहे' हे सांगण्यापेक्षा 'हा त्रास कसा चालतो' हे शोधणं पुष्कळ सोपं जातं. पुण्याच्या कार्यक्रमातला एखादा भाग सोडून द्यावा लागला तरी हे घ्या.

कामाचं थोडक्यात. यजमानांमुळे मिळणाऱ्या डिपेंडंट व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तासच नोकरी करता येते. समुपदेशनासाठी इथली सरकारी पात्रता वेगळी आहे, त्यामुळे सुरुवात स्वयंसेवक म्हणून धरा आणि जपानी आत्तापासून शिका. रुग्णांना सांगायला एक उपयोगी गोष्ट: वॉर्ड ऑफिसात अर्ज केला की बाह्यरुग्ण मानसोपचाराच्या खर्चातला रुग्णाचा वाटा ३० टक्क्यांवरून १० वर येतो.

तुमच्या स्वतःच्या गोळ्यांचं विचारलंत. महिन्याभराहून जास्त आणायच्या असतील तर निघण्याआधीच जपान सरकारची परवानगी काढा. अ‍ॅम्फेटामिन असलेली औषधं मात्र चिठ्ठी असली तरी आणता येत नाहीत.