आधी हवेचा रस्ता, मग काच

प्रश्न : हिंगणा रोडवर आमच्या संस्थेची संशोधन प्रयोगशाळा बांधायची आहे. तळमजला आणि वर तीन मजले. सध्या माती, पाणी आणि कापसावरील रोग असे विषय आहेत. पाच-सात वर्षांनी कोणते असतील, ते आज कोणीच सांगू शकत नाही. आर्किटेक्टनी पश्चिमेला रस्त्याकडे पूर्ण काचेची भिंत, तळघरात जनरेटर आणि विजेचे पॅनेल, छतभर सोलर असे सुचवले आहे. गरजेप्रमाणे बदलता येईल आणि वीजबिल आटोक्यात राहील, अशी इमारत हवी आहे. पैसा कुठे घालावा?
– एक विश्वस्त, नागपूर

उत्तर : पैसा हवेच्या रस्त्यात घाला. मी इमारतींच्या वातानुकूलनाचे काम करते. प्रयोगशाळेचा नकाशा समोर आला की बाहेरची हवा कुठून आत येते, कुठे थंड होते आणि कुठून वर जाते, हे मी सगळ्यांत आधी पाहते. ऑफिसात तीच हवा फिरवून पुन्हा थंड करता येते. जिथे रसायनांची वाफ आहे तिथे तसे चालत नाही. ती हवा बाहेरच टाकावी लागते आणि तेवढीच ताजी हवा आत घ्यावी लागते. चार फुटी एक फ्यूम हूड (रसायनांची वाफ ओढून घेणारे, पुढे सरकती काच असलेले कपाट) तासाला साधारण ९०० घनमीटर हवा ओढतो. दहा बाय दहाच्या तीस खोल्यांत मावेल एवढी ही हवा. नवतप्यात बाहेर ४५ अंश असताना ती सगळी थंड करून आत घ्यायची आणि लगेच बाहेर सोडायची. तुमचे बिल इथे ठरणार आहे.

म्हणून लिहिण्या-वाचण्याच्या खोल्या, बैठकीची जागा आणि संगणक प्रयोगशाळेपासून भिंतीने वेगळे करा. त्यांना साधे एसी आणि उघडता येणाऱ्या खिडक्या पुरतात. हूडची काच खाली ओढली की पंख्याचा वेग आपोआप कमी होईल, अशी यंत्रणा घ्या. ती महाग वाटेल, तरी ती कापू नका.

आता नागपूरचा फायदा. मे महिन्यात आपली हवा कोरडी असते, म्हणून तर घरोघरी खसचे कूलर चालतात. प्रयोगशाळेत थेट ओली हवा नको, पण पाण्याने थंड केलेल्या पत्र्यांच्या पलीकडून ताजी हवा नेली तर दमटपणा न वाढता ४४ अंशांची हवा तिशीच्या आसपास येऊ शकते. पुढचे काम चिलर, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणारे यंत्र, करेल, आणि तो लहान लागेल असे मात्र समजू नका: पावसाळ्यात ही युक्ती चालत नाही, तेव्हा सगळा भार त्याच्यावरच येतो. बचत उन्हाळ्याच्या युनिटांत दिसेल.

बदलाचा प्रश्नही याच रस्त्याचा आहे. अहमदाबादच्या आयआयएमचे वास्तुकार लुई कान यांच्या दोन प्रयोगशाळा इथे पाहण्यासारख्या आहेत. फिलाडेल्फियातल्या रिचर्ड्स प्रयोगशाळेत त्यांनी हवेचे शाफ्ट, म्हणजे खालून वर जाणारे पोकळ मार्ग, विटांच्या मनोऱ्यांत उभे केले, पण आतल्या खोल्या लहान पडल्या आणि ऊन इतके येई की संशोधकांनी खिडक्यांवर कागद चिकटवले. पुढे कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये (१९६५) त्यांनी आतला मजला खांबांविना मोकळा ठेवला आणि प्रत्येक प्रयोगशाळेवर फक्त पाइप आणि डक्टसाठी (हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांसाठी) माणूस उभा राहील एवढा मजला दिला. खाली प्रयोग चालू असताना वर पाइप बदलता येतात.

तुम्हाला एवढा खर्च झेपणार नाही, गरजही नाही. मजल्याची उंची स्लॅब ते स्लॅब साडेचार मीटर ठेवा. कॉलम ६.६ मीटरवर घ्या, म्हणजे मध्ये ३.३ मीटरच्या दोन पट्ट्या बसतात. दोन ओळींची टेबले आणि मधली वाट यांना हे माप सोयीचे पडते. सिंक आणि हूड शाफ्टलगतच्या भिंतीला पक्के. बाकी टेबले चाकांवर, आणि त्यांना वीज, गॅस, नेट वरून खाली लोंबणाऱ्या पॅनेलमधून. शाफ्टचा चौथा भाग आज रिकामा सोडा आणि स्लॅब ओततानाच जादा भोके ठेवा. नंतर कोअर कटिंग करताना, म्हणजे तयार स्लॅबला भोक पाडताना, सळई कापली जाण्याची भीती असते.

पश्चिमेची काच नको. इमारतीच्या लांब बाजू उत्तरेला आणि दक्षिणेला तोंड करून ठेवा, पश्चिमेला जिना, लिफ्ट, स्टोअर. भिंतीला फ्लाय अॅशच्या विटा; कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख जवळच आहे. २६ मेच्या सुमारास सूर्य नागपूरच्या अगदी डोक्यावर असतो, त्यामुळे सगळ्यांत जास्त तापते ते छत. सोलरची सावली तिथे कामाची आहे, पण छतभर नको. एक्झॉस्टच्या चिमण्यांना छताच्या वर निदान तीन मीटर उंची आणि भोवती मोकळी जागा लागते, आणि ताज्या हवेचे तोंड त्यांच्यापासून व जनरेटरच्या धुरापासून लांब हवे.

तळघरात विजेचे पॅनेल अजिबात नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागपुरात किती घरांत पाणी शिरले, ते आपण पाहिले आहे. तळमजल्याची जागा सूक्ष्मदर्शकाला आणि सूक्ष्म तराजूला द्या, चिलरपासून आणि रस्त्यापासून दूर. जागेवर काळी माती असेल तर पाया तिच्याखाली मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्या. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरची फरशी हलली की तराजूही हलतो.

पुढच्या बैठकीत आर्किटेक्टना दर्शनी चित्राऐवजी इमारतीचा उभा छेद मागा, त्यावर डक्ट रंगवलेले असू द्या. शास्त्रज्ञांकडून हूडची यादी घ्या, आज लागणारे आणि पुढे लागू शकणारे असे दोन्ही. ती यादी मला पाठवलीत तर शाफ्ट किती मोठा हवा ते पुढच्या अंकात आकड्यांसह लिहीन.