वळताना कट-कट: एक्सल बदलायचा की नुसता जॉइंट?

प्रश्न : माझी वॅगन-आर दहा वर्षं जुनी आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढली की पुढच्या चाकातून कट-कट आवाज येतो. गॅरेजवाले म्हणतात, दोन्ही एक्सल बदला. स्वस्तात भागेल का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : बहुतेक वेळा भागतं. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि पहिल्या गिअरमध्ये हळूहळू गोल फिरत मध्येच थोडा ॲक्सिलरेटर द्या. मग दुसऱ्या बाजूला वळवून तेच करा. चाकाच्या वेगाबरोबर कट-कट वाढली, तर एक्सलचा (गिअरबॉक्समधून चाकाला ताकद देणारा दांडा) चाकाकडचा, म्हणजे बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही ताकद पोचवणारा सांधा) झिजला आहे. डावीकडे वळताना आवाज आला तर दोष उजव्या जॉइंटचा, असा ठोकताळा सांगतात. तो दर वेळी खरा ठरत नाही. त्यापेक्षा बाहेर कुणाला तरी उभं करून ऐकायला सांगा. खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर येणारी ‘खट’ मात्र सहसा लिंक रॉड किंवा बॉल जॉइंट या सस्पेन्शनच्या भागांची असते. तिच्यासाठी एक्सल बदलू नका.

आता चाकाच्या आतल्या बाजूला बॅटरी मारा. बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटलेला आणि रिमच्या आत काळ्या ग्रीसचे फराटे दिसले, की दुखण्याचं मूळ सापडलं. ग्रीस बाहेर फेकलं जातं, त्या जागी चिखल-पाणी शिरतं आणि जॉइंटमधल्या गोळ्या चालतात त्या खाचांना खड्डे पडतात. आवाज सुरू झाल्यावर नवं ग्रीस भरून तो काही दिवस दबेल, खाचा भरणार नाहीत. उलट आवाज नसताना नुसता बूट तडकलेला असेल, तर ग्रीस आणि बूट बदलणं हा काहीशे रुपयांचा खेळ आहे.

ज्या बाजूचा आवाज, तेवढाच जॉइंट घ्या. एक्सलचा मधला दांडा सहसा झिजत नाही, म्हणून स्वस्तातल्या बिननावाच्या पूर्ण एक्सलपेक्षा मूळ दांड्यावर चांगल्या कंपनीचा नवा जॉइंट बसवलेला बरा. एकाच मॉडेलमध्ये इंजिनानुसार माप बदलतं, त्यामुळे जुना जॉइंट दुकानात न्या, आतले आणि बाहेरचे दाते मोजा, एबीएसची रिंग (ब्रेकच्या सेन्सरसाठीची दातेरी कडी) आहे का तेही बघा. किटमध्ये बूट, दोन क्लिपा, ग्रीस, सर्क्लिप (जॉइंट दांड्यावर अडकवून ठेवणारी तारेची रिंग) आणि एक्सल नट आहे याची खात्री करा.

प्रश्न : हे काम घरी जमेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : घोडी (गाडी टेकवायचा स्टँड), लांब दांड्याचा पाना आणि टॉर्क पाना (ठरावीक जोराने नट आवळणारा) असेल तर जमेल. चाक जमिनीवर असतानाच, हँडब्रेक ओढून, एक्सल नटची ठोकलेली कड छिन्नीने उचला आणि नट ढिला करा. मग गाडी जॅकवर घेऊन घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका. चाक काढा, खालच्या आर्मचा बॉल जॉइंट सोडवा आणि हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर ओढा. ब्रेकच्या होजवर ताण येऊ देऊ नका. हबमध्ये एक्सलचं टोक अडलं तर जुना नट टोकाशी सपाट लावून लाकडावरून ठोका, नाहीतर आटे बिघडतात.

इथे सगळ्यात महाग चूक होते: दांडा बाहेर ओढला जातो आणि गिअरबॉक्सकडचा ट्रायपॉड (आतल्या जॉइंटमधला तीन रोलरचा भाग) त्याच्या कपातून निसटतो. दुसऱ्याला दांडा आतल्या बाजूला धरायला सांगा. बूट कापा, ग्रीस पुसा आणि पितळी दांड्याने जॉइंटच्या आतल्या रिंगवर ठोका. काही गाड्यांत आधी सर्क्लिप पसरावी लागते.

जॉइंट बसवण्याआधी लहान क्लिप आणि बूट दांड्यावर चढवा. घाईत हेच राहून जातं. सर्क्लिप नवीच. मोलिब्डेनमयुक्त काळं ग्रीस आधी गोळ्यांमध्ये दाबून भरा, उरलेलं बुटात. साधं चेसिस ग्रीस चालणार नाही. जॉइंट ‘टक’ करून बसला की ओढून बघा. बुटाची कड स्क्रूड्रायव्हरने उचलून आतली हवा सोडा, मगच क्लिप आवळा. प्लास्टिकचा केबल टाय इथे टिकत नाही.

नवा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर (लहान गाड्यांत साधारण 150 ते 250 न्यूटन मीटर) चाक जमिनीवर ठेवून आवळा आणि कड खाचेत ठोका. नट न आवळता गाडी ढकलू नका; व्हील बेअरिंग त्याच दाबावर उभं असतं.

प्रश्न : वळताना आवाज नाही, पण सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दिला की गाडी थरथरते. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : पाय उचलल्यावरही त्याच वेगात थरथर राहत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग करा. ओढ देतानाच थरथर आणि पाय उचलताच शांत, असं असेल तर गिअरबॉक्सकडच्या ट्रायपॉडचे रोलर खाचेत रुतताहेत. इंजिनची माउंटिंगही (इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी आधार) तपासा. आतला जॉइंट सुटा मिळत नसेल, तेव्हाच पूर्ण एक्सल. भंगार बाजारातला मूळ एक्सलही चालतो, मात्र दोन्ही बूट शाबूत हवेत आणि हाताने वळवताना कुठे अडकता कामा नये. एक्सल बाहेर येताच गिअर ऑइल सांडतं, म्हणून खाली ट्रे ठेवा, ऑइल सील त्याच वेळी बदला आणि जेवढं सांडलं तेवढं मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल भरून पातळी बघा.