राक्षसाला रडवण्याआधी

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझी लोणासुराची कथा वाचली. आपल्याकडच्या आख्यायिकेत विष्णू देखण्या तरुणाच्या रूपात येतो, लोणासुराच्या बहिणींना भुलवतो, त्या भावाचा ठावठिकाणा सांगून टाकतात आणि विष्णू पायाच्या अंगठ्यानं विवराचं झाकण उडवतो. लोणासुर झोपेतच सापडतो. बहिणी फितूर झाल्याचं तू त्याला आधीच कळू दिलंस, ही कल्पना मला फार आवडली.

पण कळल्यावर तो खडकावर बसून म्हणतो, "माझं एकटेपण कोणीच समजून घेतलं नाही." हे वाक्य तुझं आहे, बेटा. गावाची गुरं फस्त करणाऱ्याला आपल्या दुःखाचं नाव कुठून ठाऊक असणार?

त्याला जे येतं तेच त्याला करू दे. ओढून आणणं, खाणं, कोंडून ठेवणं. समज, तो रात्री गावातून दोन पोरी उचलून आणतो, बहिणींच्या जागेवर बसवतो आणि पुढ्यात कच्चं मांस टाकतो. "जेवा वं." पोरी थिजलेल्या. तो वाट पाहतो. मग म्हणतो, "काहून जेवत नाही वं? त्या तं जेवत होत्या." बस, इथंच थांब. पुढे त्याच्या तोंडी एक शब्दही घालू नकोस.

वाचकाला त्याची कीव येईल आणि त्याच क्षणी त्या पोरींसाठी जीव टांगणीला लागेल. दोन्ही एकदम व्हायला हवं. यातलं एक जरी सुटलं तरी तो राक्षस राहत नाही. दुखावलेल्या पात्रावर आपला जीव जडतो आणि त्याच्या तावडीतली माणसं आपण नुसती उभी करून ठेवतो. हे मला फार खटकतं. त्या पोरींना घर दे, एकीला तरी नाव दे.

२०२० च्या जूनमध्ये लोणारच्या तळ्याचं पाणी गुलाबी झालं, ते तू त्याच्या शोकाला जोडलंस. शास्त्रज्ञांना त्यामागे खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले. आख्यायिका तर त्या तळ्याला त्याचं रक्तच मानते. म्हणून मोह होतो, मला कळतं. पण तळंच त्याच्यासाठी रडायला लागलं तर त्याला करायला काय उरलं? तो भाग काढून टाक.

संवाद तपासताना एवढंच बघ: हीच ओळ गावच्या मास्तरांच्या तोंडी शोभते का? शोभत असेल तर खोड.

आणि आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या प्रेक्षकावर विश्वास ठेव. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवसांत इकडे रात्रभर नाटकं चालतात, वडसा तर नाटक मंडळ्यांचं गावच आहे. थंडीत पहाटेपर्यंत बसणारी माणसं खलनायकाला शिव्या घालतात आणि त्याच्यासाठी हळहळतातही. त्यांना तो सज्जन झालेला नको असतो. या हंगामात ये, माझ्याकडेच उतर.

आता तुझा शेवटही बदलेल. झाकण उडेल तेव्हा आत लोणासुर एकटा नसेल, त्या दोघीही असतील. तो त्यांना पाठीशी घालेल की ढालीसारखं पुढे धरेल? मला वाटतं, पुढे धरेल, आणि तेही बहिणींच्या नावानं हाका मारत. तू लिहून पाठव.

तुझा,
काका