कफलिंकला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: भाचीच्या लग्नात जावयाला चांदीच्या कफलिंक द्यायच्या आहेत, यादीत मराठी शब्द हवा, तर 'बाहीबंद' चालेल का?

नको. बंद म्हणजे बांधायची नाडी, बाराबंदीला असते तशी. शिवाय घाईत कुणी 'बाजूबंद' वाचलं तर सोनाराकडून भलताच दागिना यायचा.

आधी वस्तूच बघू. एरवी शर्टाच्या कफाला एका बाजूला बटण, दुसऱ्या बाजूला काज. कफलिंकच्या शर्टाला बटण शिवलेलंच नसतं, दोन्हीकडे काजंच. त्यांतून दांडी ओवायची, मागची छोटी कांडी आडवी करायची, झालं. म्हणजे हे सुटं बटण, आणि ते आपल्याला कुठे नवीन आहे? माझ्या आजोबांच्या सदऱ्याची सोन्याची बटणं बारीक साखळीत गुंफलेली होती. सदरा धुवायला टाकण्याआधी आजी ती काढून कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवायची. जावयाला अशी बटणं देतही असत. ती छातीवर, ही मनगटावर, एवढाच काय तो फरक.

इंग्रजीतही पूर्वी 'स्लीव्ह बटन' म्हणत. फ्रेंच आणि पोर्तुगीज लोक तर आजही 'कफाचं बटण' अशाच अर्थाचे शब्द वापरतात. आपलं 'काज'सुद्धा पोर्तुगीजांचंच बरं का. त्यांच्या 'काझा'चा अर्थ घर, आणि बटणाचं घरही तेच.

रेशमी दोऱ्याची गाठ मारून केलेल्या कफलिंकही मिळतात. दोन टोकांना दोन गोल गाठी. त्यांना मात्र मी डोळे झाकून 'गुंडी' म्हणेन. कापडाच्या किंवा दोऱ्याच्या गोळीवजा बटणाला आपला जुना शब्द तोच.

बोलताना 'कफलिंक' खुशाल म्हणा. लिंक आपल्याकडे स्त्रीलिंगी झाली आहे, तेव्हा 'कफलिंक लावली'. अनेकवचनी 'कफलिंका' मला आवडतं. 'एक कफलिंक्स हरवला' ऐकलं की दात शिवशिवतात. (आणि लिहिताना एक अक्षर घसरलं तर थेट 'कफल्लक'. लग्नाच्या यादीत ते नकोच.)

यादीत लिहा: 'बाहीची चांदीची बटणं, एक जोड'. आणि जावयाच्या शिंप्याला आजच कळवा, नाहीतर तो सवयीने कफाला बटण टाकून मोकळा होईल.