निफाडची थंडी, ढगाळ हवा आणि द्राक्षबाग
भाऊ, पहिलीच बाग आहे तर अंदाजात नुसता पाऊस आहे का एवढंच बघू नको, वाऱ्याची दिशा आणि किमान तापमान आधी बघ. उत्तरेचं कोरडं वारं असलं की आभाळ मोकळं राहतं, जमिनीतली ऊब रात्रीत निघून जाते आणि निफाडला पारा कधीकधी ५ च्या खाली उतरतो, मग मणी तडकायची भीती, म्हणून पहाटे ठिबक चालू कर, शेकोट्या पेटव. वारं पूर्वेकडून फिरलं की बंगालच्या उपसागरातली वाफ येते, वर चढून गार झाली की धुळीच्या कणांवर बारीक थेंब धरतात, तेच ढग. अशा रात्री थंडी कमी वाटते पण भुरी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, तेव्हाच वाढते, रोज घड उलटून आत पांढरी पावडर दिसते का बघच.