कुटुंबाचा इतिहास : सुरुवात आवाजापासून करा

कुटुंबाचा इतिहास लिहिताना वंशावळ आधी पूर्ण करण्याचा बेत असेल, तर तो तूर्त बाजूला ठेवा, कारण कागदपत्रे पुढच्या वर्षीही सापडतील, पण घरातील सर्वांत वयस्कर माणसाची स्मरणशक्ती तोपर्यंत साथ देईलच असे नाही.

ध्वनिमुद्रणाला मोबाइल पुरेसा आहे आणि एका बैठकीला पाऊण तास पुष्कळ झाला. ‘तुमचे बालपण सांगा’ अशा मोघम प्रश्नाला उत्तरही मोघमच मिळते. त्याऐवजी एखादे जुने छायाचित्र हातात द्या, मागच्या रांगेत अर्धवट दिसणारे कोण, एवढेच विचारा आणि गप्प बसा. (माझ्या पहिल्या ध्वनिमुद्रणात आजीपेक्षा माझाच आवाज जास्त आहे.)

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका अशा :

- छायाचित्राच्या पाठीवर बॉलपेनने लिहिणे. दाबाने पुढे वळ उमटतो; मऊ पेन्सिल हलक्या हाताने वापरावी आणि गुळगुळीत कागदावर ती उमटत नसेल तर पाकिटावर लिहावे.
- माहिती कोणी व कधी सांगितली, हे न नोंदवणे.
- एकच प्रत ठेवणे.

सगळे जमल्यावर वाटू, असे म्हणत थांबू नका. एका छायाचित्राला दोन मिनिटांचा आवाज जोडून नातेवाइकांना पाठवा. ‘ते काका नव्हेत, मामा!’ असे सांगणारे फोन आपोआप येतील.