लेक फायर टेक्नॉलॉजी शिकणार, मग ५२९ खातं मोडायचं का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बे एरियात राहता, ग्रीन कार्ड आहे, दोघांचं मिळून उत्पन्न २ लाख ६० हजार डॉलर. मुलीला कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं स्वस्त सरकारी कॉलेज) फायर टेक्नॉलॉजी शिकायचंय. बंबावर जायचं नाही, स्प्रिंकलर आणि अलार्मच्या डिझाइनमध्ये शिरायचंय. ५२९ खात्यात (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) ६८ हजार आहेत, त्यातले ४० हजार तुम्ही भरलेले. शिक्षण एवढं स्वस्त, तर खातं मोडून ३ टक्क्यांचं गृहकर्ज फेडावं का?

नको. पैसे शिक्षणाऐवजी कर्जासाठी तुमच्या नावावर काढले, तर २८ हजारांच्या वाढीवर फेडरल कर २४ टक्क्यांनी ६,७२० डॉलर, कॅलिफोर्नियाचा ९.३ टक्क्यांनी २,६०४. शिवाय दंड फेडरलचा १० टक्के, राज्याचा २.५ टक्के, मिळून ३,५००. म्हणजे १२,८२४ डॉलर हातचे जाणार, तेही ३ टक्क्यांच्या कर्जासाठी!

फी कमी आहे हे खरंच. रहिवाशांना युनिटमागे ४६ डॉलर, दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला ६० युनिट, म्हणजे २,७६०. पुस्तकं आणि लॅपटॉपही ५२९मध्ये बसतात. किमान अर्धवेळ शिकत असेल तर घरी राहूनही जेवणखर्च बसतो, पण कॉलेजने जाहीर केलेल्या रकमेपुरताच. वर्षाला २,५०० डॉलरपर्यंतचं शिक्षण टॅक्स क्रेडिट तुम्हाला मिळणार नाही (जोडप्याचं उत्पन्न १ लाख ८० हजारांवर गेलं की ते संपतं), त्यामुळे त्यासाठी खिशातून फी भरण्यात अर्थ नाही. पैसे थेट कॉलेजला किंवा मुलीच्या नावावर काढा, आणि ज्या कॅलेंडर वर्षात खर्च, त्याच वर्षात. जानेवारीत भरलेल्या फीचे पैसे डिसेंबरातच काढून ठेवले की घोळ होतो.

मला काळजी वाटते ती तिसऱ्या वर्षाची. आगीचं वर्तन, इमारत बांधणी, संरक्षण यंत्रणा हे विषय स्प्रिंकलर कंपनीत ड्राफ्टिंगला उपयोगी पडतात, नायसेट या तंत्रज्ञांच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेलाही. पण उद्या तिला इंजिनिअर व्हावंसं वाटलं, तर यातले बहुतेक युनिट इंजिनिअरिंगच्या पदवीला मोजले जात नाहीत. तिथे कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री लागतं. म्हणून पहिल्या सत्रापासून फायरच्या विषयांबरोबर कॅल्क्युलस घ्यायला लावा. ट्रान्स्फरला, म्हणजे पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाताना, कोणता विषय कुठे चालतो, हे राज्याच्या असिस्ट या साइटवर दिसतं. मग मेकॅनिकलची पदवी आणि कॅल पॉली सॅन लुइस ओबिस्पोला फायर प्रोटेक्शनचं एमएस, असा रस्ता राहतो. मेरीलँड विद्यापीठात थेट या विषयाची पदवी आहे, पण तिथे परराज्याची फी. दोन्हीकडे हे ६८ हजार पुरून उरतील असं समजू नका.

समजा, ती दोन वर्षांवर थांबली आणि कमवायला लागली. खातं १५ वर्षांहून जुनं असेल, तर तिच्या रॉथ आयआरएत (निवृत्तीसाठीचं बचत खातं) आयुष्यभरात ३५ हजारांपर्यंत वळवता येतात, दरवर्षी आयआरएच्या मर्यादेत. शेवटच्या ५ वर्षांत भरलेली रक्कम त्यात चालत नाही. फेडरल कर लागत नाही, पण कॅलिफोर्नियाचा नियम आधी तपासून घ्या. हा निर्णय तिचा दुसरा पगार झाल्यावर घ्या.